झांकलेल्या बाटल्यांची परीक्षा

या सदरांत आम्हीं आजवर तूप, गूळ, केशर आणि चहा यांच्या पारखीविषयीं लिहिलें, आणि त्याबद्दल कोणाही वाचकानें हरकत घेतली नाहीं. परंतु निरनिराळ्या प्रांतांच्या वाईन एकाच जेवणांत शेजारींशेजारीं ठेवून त्यांची तुलना कशी करावी, असा प्रश्न गेल्या महिन्यांत आला, तेव्हां तो घ्यावा कीं बाजूला सारावा याचा आम्हांस विचार करावा लागला. आम्ही स्वतः पिणाऱ्यांतले नव्हों. कोणास प्यावयास लावावें असाही आमचा हेतु नाहीं. तरीपण प्रश्न टाळणें प्रामाणिकपणाचें वाटेना. चाकण, हिंजवडी, तळेगांव येथील कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करणारीं आमच्या घरांतलीं मुलें आज परदेशी पाहुण्यांबरोबर जेवावयास बसतात. परदेशाहून परततांना एखादी बाटली घेऊन येतात. आणि ती बाटली घरांत आली म्हणजे तिच्याविषयीं दोनच मतें ऐकूं येतात. एक मत न चाखतां तिला विष म्हणतें, दुसरें न चाखतां तिला अमृत म्हणतें. दोन्ही मतें बाटलीवरची चिठ्ठी वाचून बनलेलीं असतात.

शिवाय, ज्या घरांत वाईनचें नांव काढतांच कपाळाला आठ्या पडतात, त्याच घराच्या औषधांच्या फडताळांत द्राक्षासवाची बाटली असते आणि तिच्यावर स्वजनित मद्यार्काचें प्रमाण स्पष्ट छापलेलें असतें, हेंही आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. वैद्य त्यांत धायटीचीं फुलें व मसाले घालतो, मात्रा चमच्यानें मोजून देतो, हा फरक मोठा खरा. पण द्राक्षाच्या रसाची साखर आंबून मद्यार्क होण्याची क्रिया दोहींकडे एकच.

गांवावरून मद्याची ओळख ठरविणें ही कल्पना साहेबाची, असा एक समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें प्रकरण ज्यांनीं वाचलें असेल त्यांचा तो राहणार नाहीं. तेथें द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें आहे, आणि त्याचें नांव त्याच्या देशावरून पडतें असें सांगून कापिशायन व हारहूरक अशीं दोन नांवें दिलीं आहेत. कापिशी ही आजच्या अफगाणिस्तानांत, काबूलच्या उत्तरेस बेग्राम आहे त्या बाजूची नगरी. पाणिनीनें तिच्या नांवावरून शब्द साधण्याकरितां एक सूत्रच दिलें आहे, आणि त्या सूत्राचीं उदाहरणें म्हणून टीकाकारांनीं दिलीं तीं कापिशीचें मधु आणि कापिशीचीं द्राक्षें. व्याकरण शिकवितांना आमच्या शास्त्र्यांना जें उदाहरण सुचलें तें हें! तेव्हां दोन प्रांतांची वाईन समोरासमोर मांडणें म्हणजे कांहीं अब्रह्मण्य नवीनच घडत आहे, असें मानण्याचें कारण नाहीं.

मात्र गांवाचें नांव ओळखीसाठीं जन्मतें आणि थोड्याच काळांत मोठेपणासाठीं मिरवूं लागतें. १८५५ सालीं पॅरिसला प्रदर्शन भरलें तेव्हां बोर्दोच्या दलालांनीं तेथल्या मळ्यांची पांच पायऱ्यांची एक यादी केली. यादीचा आधार बाजारांतला भाव हा होता. त्या वेळीं कोणी पेले लावून चव पाहिली नाहीं. त्यानंतरच्या दीडशेंहून अधिक वर्षांत त्या यादींतल्या एखाद्या मळ्यास दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर चढवावें असें एकदांच घडलें. तो मान १९७३ सालीं मूतों-रोथशील्डला मिळाला. मधल्या काळांत मळे विकले गेले, मालक बदलले, जमिनी वाढल्या आणि घटल्या. पायऱ्या मात्र जागच्या जागीं. पणजोबानें मिळविलेली पायरी पणतवाकडे आपोआप चालत येते, ही व्यवस्था आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नसावी.

या पायऱ्यांची एकदां नांवें झांकून परीक्षा झाली, तो प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. स्टीव्हन स्परियर हा इंग्रज गृहस्थ पॅरिसमध्यें वाईनचें दुकान व वाईनची पारख शिकविणारे वर्ग चालवीत असे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यास दोनशें वर्षें होत होतीं; तें निमित्त साधून त्यानें व पॅट्रिशिया गॅलाघर या त्याच्या सहकारिणीनें २४ मे १९७६ रोजीं तेथल्या एका हॉटेलांत बैठक बोलाविली. ज्यांचे गुण धरले गेले ते परीक्षक नऊ, सर्व फ्रेंच, आणि सर्व आपापल्या क्षेत्रांतले मान्यवर. पांढऱ्या वाईन दहा आणि तांबड्या दहा. प्रत्येक दहांत सहा कॅलिफोर्नियाच्या व चार फ्रान्सच्या. चिठ्ठ्या झांकलेल्या, गुण वीसपैकीं. बातमीदारांना आमंत्रणें गेलीं होतीं, परंतु आला तो 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर एकटा. जिचा निकाल आधींच ठाऊक आहे त्या कुस्तीला कोण जातो?

टेबरजवळ बाटल्यांच्या क्रमाचा कागद होता, म्हणून परीक्षकांना न दिसणारें त्याला दिसत होतें. एका परीक्षकानें कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन आपण फ्रान्सला परत आल्याचें समाधान व्यक्त केलें. दुसऱ्यानें बर्गंडीच्या एका नामांकित वाईनला गंधच नाहीं, तेव्हां ती कॅलिफोर्नियाचीच, असा निवाडा दिला. निकाल लागला तेव्हां पांढऱ्यांत शातो मोंतेलेना आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप, दोन्ही नापा खोऱ्यांतल्या आणि दोन्ही १९७३ च्या, पहिल्या आल्या. ओदेत कान या परीक्षिकाबाईंनीं आपली गुणपत्रिका परत मागितली. ती त्यांना मिळाली नाहीं.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लोक येथें टाळी वाजवून थांबतात, कारण नवख्यानें खानदानी पहिलवानास चीत केलें हें ऐकावयास गोड वाटतें. आम्हांस तिचा उरलेला भाग अधिक मोलाचा वाटतो. तांबड्यांत पहिल्या व दुसऱ्या वाईनमध्यें जें अंतर पडलें तें वीसपैकीं सरासरी पाव गुणाचेंही नव्हतें, आणि दुसरी आलेली ती मूतोंच होती. एका परीक्षकाचा हात किंचित् सैल पडता तर इतिहास उलटा लिहिला गेला असता. आणि परीक्षकाचा हात किती सैल पडतो याचाही पुढें कोणी शोध घेतला. रॉबर्ट हॉजसन हा कॅलिफोर्नियांतला निवृत्त प्राध्यापक स्वतः वाईन करणारा. आपल्या वाईनला एके ठिकाणीं पदक मिळतें आणि दुसरीकडे कांहींच मिळत नाहीं, हें कोडें त्याला सुटेना. त्यानें आपल्या राज्याच्या प्रदर्शनांतल्या परीक्षकांपुढें एकाच बाटलींतली वाईन, इतर पुष्कळ पेल्यांत मिसळून, तीनदां ठेवविली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाप्रमाणें दहांत एखादाच परीक्षक असा निघाला कीं ज्यानें तिन्ही वेळां तिला एकाच पदकाच्या योग्यतेचे गुण दिले. त्याच्याही आधीं, २००१ सालीं, बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्यें निर्गंध तांबडा रंग मिसळून देण्यांत आली, तेव्हां त्यांनीं तिच्या वासाचें वर्णन तांबड्या वाईनला लावावयाच्या शब्दांत केलें. जीभ चाखण्यापूर्वीं डोळ्यांनीं चाखून घेतलें होतें.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे नारायणगांव लागतें. तेथें १९८० च्या दशकांत श्यामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ वाईनचा कारखाना काढला; तिची वाईन 'ओमर खय्याम' या नांवानें परदेशांत विकली जात असे. नाशिककडे खाण्याच्या द्राक्षांची लागवड जुनी. ओझर येथें १९२५ च्या सुमारास रावसाहेब गायकवाडांनीं ती सुरू केल्याचें सांगतात. वाईनचीं द्राक्षें मात्र त्या भागांत खरीं रुजलीं तीं १९९० च्या दशकाच्या अखेरीस, राजीव सामंत यांनीं गंगापूरच्या बाजूस लागवड केल्यापासून. त्यांच्या सुला कारखान्याची पहिली वाईन २००० सालीं निघाली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया-धोरण जाहीर करून करांत सवलती दिल्या, आणि मग कारखाने भराभर उभे राहिले. पुढें 'नाशिक व्हॅली वाईन' या नांवास भौगोलिक निर्देशही मिळाला. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजच्या परिसरांत २००७ च्या सुमारास फ्रातेल्ली निघाली. या इटालियन शब्दाचा अर्थ 'बंधू' असा आहे, आणि तो सार्थ आहे. कारण तींत इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतले भाऊ भागीदार झाले. एकत्र कुटुंबाचें हें रूप आमच्या वाचकांस आवडावें. आणि दक्षिणेस, बंगळूरच्या पलीकडे नंदी टेकड्यांच्या पायथ्याशीं, कंवल ग्रोव्हर यांचे मळे. त्यांची पहिली वाईन १९९२ ची.

प्रांत तीन, आणि त्यांची हवा तीन तऱ्हांची. नंदीचे मळे समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटर उंच, नाशिकचे सुमारें ६०० मीटर, आणि अकलूज त्याहून सखल व उष्ण. उन्हांत द्राक्षांत साखर लवकर भरते आणि आंबटपणा लवकर उतरतो; रात्र थंड असली तर तो आंबटपणा टिकतो. परंतु या तिन्ही ठिकाणांस फ्रान्सपासून वेगळें पाडणारी गोष्ट एकच आहे, आणि ती आमच्या मतें फार कौतुकाची आहे. युरोपांत हिवाळ्याच्या थंडीनें वेल निजते, वसंतांत जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणी होते. आमच्याकडे वेल निजतच नाहीं. मोकळी सोडली तर ती ऐन पावसाळ्यांत फळ धरील आणि तें कुजेल. म्हणून शेतकरी वर्षांतून दोनदां कात्री चालवितो. एप्रिलांत खरड छाटणी करून नवी काडी तयार करावयाची, पावसाळाभर वेल पानांवर जगूं द्यावयाची, आणि ऑक्टोबरांत गोडी छाटणी करून फळ धरावयाचें. तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत. निसर्गानें न दिलेली झोंप कात्रीनें द्यावयाची, असा हा प्रकार आहे. बोर्दोच्या मळेवाल्यास हें सांगितलें तर तो आधीं हंसेल, आणि मग वही काढील.

आतां ज्या जेवणामुळें हा लेख लिहावयास धीर आला त्याविषयीं. रहाटणी हें पिंपरी-चिंचवडच्या हद्दींतलें गांव. नांव ऐकतांच रहाटाची व मळ्याची आठवण व्हावी, आणि प्रत्यक्ष पाहूं जातां मजल्यांवर मजले दिसावेत. तेथें आमच्या एका स्नेह्यांचें एकत्र कुटुंब शेजारशेजारच्या दोन सदनिकांत, मधें दार पाडून, राहतें. त्यांचे चिरंजीव चाकणच्या बाजूस मोटारींच्या धंद्यांत आहेत व कामानिमित्त दोन वर्षें फ्रान्सांत राहून आलेले आहेत. येतांना त्यांनीं बोर्दोची एक बाटली आणली होती. तिच्या शेजारीं नाशिक, अकलूज आणि नंदी यांची एकेक तांबडी वाईन ठेवावी, सर्वांत मुख्य द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्यों हेंच असावें, आणि घरच्या जेवणाबरोबर परीक्षा व्हावी, असा बेत ठरला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा अजून लागू आहे, म्हणून चाखणाऱ्यांचे परवाने आधीं आणविले. न पिणारे म्हणून बाटल्या झांकण्याचें व गुण लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि आम्हीं तें आनंदानें पत्करलें.

घरांत कुरबूर झालीच नाहीं असें नाहीं. आत्याबाईंचें वय ऐशींच्या पुढें. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे पिऊन बसणार, आणि मी काय पाहत राहूं?" तेव्हां चिरंजीवांनीं त्यांना सांगितलें कीं, खरे परीक्षक गिळीत नाहींत, तोंडांत फिरवून थुंकतात. हें ऐकून आत्याबाई उठल्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेंतून त्यांच्या वडिलांचें पितळेचें तस्त काढवून, चिंचेनें घांसून घेऊन टेबलावर ठेवविलें. त्या तस्तानें सभेची अर्धी लाज राखली. थोरल्या वहिनींनीं चाखण्यास नकार दिला, परंतु प्रत्येक पेल्याचा वास घेऊन मत देण्याचें कबूल केलें. चाखणारे सहा : आमचे स्नेही, त्यांचे धाकटे बंधू, नाशिकच्या माहेरच्या धाकट्या वहिनी, चिरंजीव, सूनबाई आणि जांवईबापू.

बाटल्या चार होत्या, पण आम्हीं पेल्यांना आंकडे पांच दिले. दुसरा पेला आणि पांचवा पेला एकाच, नाशिकच्या, बाटलींतला होता; ही गोष्ट आमच्याशिवाय कोणास ठाऊक नव्हती. हॉजसनची युक्ति घरीं करून पाहावी एवढाच त्यांत हेतु. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळें बाटल्या अर्धा तास शीतकपाटांत ठेवल्या होत्या. तांबडी वाईन खोलीच्या उष्णतेवर द्यावी असें पुस्तकांत असतें, पण ती खोली युरोपांतली, सोळा-अठरा अंशांची. रहाटणीच्या खोलींत तीच वाईन कढत लागते आणि नुसत्या मद्यार्काचा भपका येतो. जेवणांत पोळ्या, कोथिंबीरवड्या, मसालेभात, भरलीं वांगीं आणि शेवटीं शेवटीं, कोणी मागितला न कळे, हिरव्या मिरचीचा ठेचा.

गुण वीसपैकीं होते आणि बोलण्यापूर्वीं लिहावयाचे होते. बेरीज केली तेव्हां पहिली आली अकलूजची. फ्रान्सची तिसरी, नंदीची चौथी. आणि नाशिकची दुसरीही आली व पांचवीही आली! चिरंजीवांनीं दुसऱ्या पेल्यास पंधरा गुण देऊन 'हीच बोर्दो' असें समासांत लिहिलें होतें आणि पांचव्यास अकरा देऊन 'बाजारू' असा शेरा मारला होता. धाकट्या वहिनींनीं पांचव्या पेल्यास, म्हणजे आपल्या माहेरास, सर्वांत कमी गुण दिले होते. दोन्ही पेल्यांना सारखे गुण देणारे एकटे जांवईबापू निघाले. परंतु त्यांनीं पांचही पेल्यांना बाराच गुण दिले होते, सासुरवाडीस कोणास दुखवूं नये या धोरणानें.

कापडें काढल्यावर जी शांतता पसरली ती पॅरिसच्या हॉटेलांतल्या शांततेहून फार निराळी नसावी. मग खुलासे सुरू झाले. फ्रान्सची वाईन आधीं तासभर उघडून ठेवावयास हवी होती, असें एकानें सांगितलें. प्रवासांत तिला हिसके बसले, असें दुसऱ्यानें सांगितलें. निकाल आवडला नाहीं म्हणजे पंचांग पाहणाऱ्यास जशी वेळ चुकलेली आढळते, तसेंच हें. खरें कारण थोरल्या वहिनींनीं स्वयंपाकघराच्या बाजूनें काढलें : पांचवा पेला ठेच्याच्या मागून आला. त्यांचें म्हणणें बरोबर आहे. मिरचीनें पोळलेल्या जिभेला मद्यार्क अधिक झोंबतो आणि तांबड्या वाईनचा तुरटपणा अधिक कडवट लागतो. गोडसर किंवा आंबट पांढरी वाईन तेथें निभावून जाते, तांबडी जात नाहीं. म्हणजे आमच्या सहा परीक्षकांनीं नाशिकच्या वाईनला गुण दिले असें मानणें व्यर्थ. एकदां त्यांनीं पोळीला दिले आणि एकदां ठेच्याला.

मग ही सर्व खटपट फुकट गेली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि याच ठिकाणीं आमचें प्रचलित परीक्षापद्धतीशीं भांडण आहे. पहिला-दुसरा नंबर लावण्यांत आमचे परीक्षक फसले. परंतु वर्णनाच्या कागदावर ते एकमेकांच्या आश्चर्य वाटावें इतके जवळ आले. परदेशी पुस्तकांतलीं काळ्या बेदाण्यांचीं आणि देवदाराच्या पेट्यांचीं वर्णनें आमच्या कोणाच्या जिभेला माहीत नाहींत. म्हणून आम्हीं आधींच सांगितलें होतें कीं, घरांतला शब्द लिहावा. अकलूजच्या पेल्यास चौघांनीं 'पिकलेलें जांभूळ' लिहिलें. नंदीच्या पेल्यास तिघांनीं 'सुपारी' लिहिलें, आणि तांबड्या वाईनचा जो तुरटपणा असतो त्याला याहून नेमका शब्द आम्हीं कोणत्याही पुस्तकांत वाचलेला नाहीं. फ्रान्सच्या पेल्याशीं सूनबाईंनीं 'ढोबळी मिरची' असें लिहिलें, तेव्हां चिरंजीव मोठ्यानें हंसले. ते हंसले नसते तर बरें झालें असतें. कॅबर्नेच्या द्राक्षांत आणि हिरव्या ढोबळ्या मिरचींत वासाचें एकच द्रव्य असतें; द्राक्ष उन्हांत पिकत जातें तसतसें तें कमी होतें आणि थंड हवेच्या प्रांतांत अधिक उरतें. बोर्दोची हवा सूनबाईंनीं रहाटणींत बसून नाकानें ओळखली होती. थोरल्या वहिनींनींही न चाखतां त्याच पेल्यास 'हिरवट' म्हटलें होतें.

तेव्हां ज्या वाचकांनीं प्रश्न विचारला त्यांना आमचें सांगणें असें कीं, दोन प्रांतांची वाईन समोर ठेवून यांतली श्रेष्ठ कोणती असें विचारूं नये. प्रत्येक प्रांताच्या उन्हानें, उंचीनें आणि कात्रीनें त्यांत काय आणलें, तें शोधण्यास सांगावें. द्राक्षाची जात एकच ठेवावी, नाहींतर हापूस आणि तोतापुरी यांची तुलना केल्यासारखें होतें. एक पेला गुपचूप दोनदां ठेवावा. त्यानें परीक्षकांची परीक्षा होते आणि जेवणाची करमणूकही वाढते. घोटांच्या मधें साधी पोळी किंवा भात असावा, लोणचें-ठेचा शेवटास. पेल्यांत दोन चमच्यांहून अधिक ओतूं नये, आणि तस्त अवश्य ठेवावें. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें मद्यार्काचें निर्धोक असें कोणतेंच प्रमाण नाहीं असें स्पष्ट सांगितलें आहे. तांबडी वाईन हृदयास हितकर अशी जी समजूत घरोघर सांगितली जाते तिच्या आधारें कोणी पेला भरूं नये. ज्यांना मद्यार्क मुळींच नको त्यांच्यासाठींही ही परीक्षा बंद नाहीं. पुण्याजवळ मांजरीस राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथें रसासाठीं काढलेली 'मांजरी मेडिका' ही जात आहे, आणि काळ्या द्राक्षांच्या दोन रसांत जांभूळ व सुपारी शोधण्याचा खेळ लहान मुलेंही खेळूं शकतात.

आम्ही या विषयास एवढी जागा देतों याचें कारण केवळ जिभेचें नाहीं. २००८ नंतर जगांत मंदी आली, वाईनचा खप बसला, नारायणगांवची ती नामांकित कंपनी बुडाली, आणि ज्या शेतकऱ्यांनीं कारखान्यांच्या भरंवशावर वाईनचीं द्राक्षें लावलीं होतीं त्यांच्यापैकीं अनेकांनीं त्या वेली मुळासकट उपटून पुन्हां खाण्याचीं द्राक्षें लावलीं. वाईनचें द्राक्ष बारीक, बियांचें, जाड सालीचें. तें मंडईंत कोणी घेत नाहीं. कारखान्यानें नाकारलें म्हणजे त्याला दुसरें गिऱ्हाईक नाहीं. २७ जानेवारी २०२२ रोजीं मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा-भांडारांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय घेतला तेव्हां राज्यभर गदारोळ उठला. अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अंमलांत आला नाहीं. त्या वादांत एक बाजू शेतकऱ्याचें नांव घेत होती व दुसरी संस्कृतीचें. दारू दुकानाच्या फळीवर सहज हातीं लागूं नये हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. घरांत पिणारा माणूस असला म्हणजे काय भोगावें लागतें तें बायकांना विचारावें. परंतु शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्या बाजूनेंही खरड छाटणी व गोडी छाटणी यांचा उच्चार केल्याचें आम्हीं कोठें वाचलें नाहीं, आणि कोणत्या मळ्याचें द्राक्ष चांगलें उतरतें हें ठरवावें कसें, याची चर्चा तर दोहींकडेही नव्हती. ज्या मालाची पारख त्याच्या मुलखांतच कोणी करीत नाहीं, त्याचा भाव परदेशचा दलाल ठरवितो. बोर्दोचा भाव निदान बोर्दोच्या दलालांनीं तरी ठरविला होता.

रहाटणीच्या मंडळींचा पुढचा बेत तोडणीच्या दिवसांत, फेब्रुवारींत, नाशिकला जाऊन मळा पाहण्याचा आहे. धाकट्या वहिनींच्या माहेरीं मुक्काम, आणि त्या पांच नंबरच्या पेल्याचा विषय तेथें काढावयाचा नाहीं असें ठरलें आहे. आमच्या सदरांत पुढील महिन्यांत याच रीतीनें मावळच्या इंद्रायणीची व मुळशीच्या आंबेमोहराची परीक्षा होईल. ज्यांना आपल्याकडचा तांदूळ पाठवावयाचा असेल त्यांनीं पाव किलोची पुडी करून तिच्यावर नुसता आंकडा घालावा, आणि गांवाचें नांव निराळ्या बंद पाकिटांत ठेवावें. तांदूळ शिजून खाऊन होईपर्यंत तें पाकीट आम्ही फोडणार नाहीं.